डब्यावर नाव माझं होतं

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आमच्या समाजाचे वडीलधारे सिद्धलिंगप्पा मास्तर. व्यासपीठावर बसलेली मंडळाची कार्यवाह आणि माझी शेजारीण मायाक्का. जिच्यासाठी आपण सगळे जमलो ती चंद्रिका. पहिल्या रांगेत पदर डोळ्याला लावून बसलेली तिची आई बसव्वा. आणि सात रस्त्याची गर्दी तुडवत इथवर आलेल्या आयाबायांनो, बंधूंनो, मागच्या भिंतीला टेकून चिवड्याची वाट बघणाऱ्या पोरांनो, या गौरम्माचं तुम्हा सगळ्यांना शरणु शरणार्थी.

मायाक्कानं मला पाच मिनिटं दिली आहेत. काल घरी येऊन बजावून गेली, "गौरम्माक्का, तुमी सहा महिने इंग्लंडला राहून आलाय. चंद्रिका त्याच गावाला चाललीय. पोरीला हुरूप येईल असं चार शब्द बोला. रडकं बोलू नका." आता मी रडकं कधी बोलले, ते या सभागृहात कुणी उठून सांगावं. माझे मालक गेले त्या दिवशीसुद्धा मी दारात चपला नीट लावायला लावल्या होत्या.

शिक्षण म्हणाल तर मंद्रूपच्या शाळेत चौथी. तीही पुरी नाही. तेव्हा भाषणाच्या रीतीत काही कमीजास्त होईल, ते मास्तरांनी सांभाळून घ्यावं. आणि मायाक्का, मी टेबलावर ठेवलेल्या त्या स्टीलच्या डब्याकडं तू मघापासून बघतेयस. राहू दे तसाच. त्याचं सांगते मी नंतर.

आधी चंद्रिकेचं. ही पोरगी आठ वर्षं नर्स म्हणून राबली. माझ्या साखरेच्या सुया हिनं टोचल्या आणि मला कधी कळल्या नाहीत. आता ती तिकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या आश्रमात काम करायला चालली. माझ्या मल्लेशनं ती जागा दाखवली, हे मघाशी मायाक्कानं तीनदा सांगितलं. त्याबद्दल मलाही एक शाल मिळाली. शाल चांगली आहे. मी तिला पात्र आहे का, ते तुम्ही माझं ऐकून झाल्यावर ठरवा.

इंग्लंड कसं आहे, असं मला सगळे विचारतात. स्वच्छ आहे, थंड आहे आणि तिथं सगळ्याला नियम आहे. घरात कचऱ्याचे चार डबे, चार रंगांचे. कुठला डबा कुठल्या वारी बाहेर ठेवायचा याचा तक्ता फ्रिजवर चिकटवलेला. मी एकदा कोबीचा पाला टाकला आणि झाकण चार बोटं उघडं राहिलं. कचरा तसाच ठेवून ते लोक चिठ्ठी लावून गेले. चिठ्ठीत काय, तर आम्हाला खेद वाटतो. मी म्हटलं, खेद कशाला, झाकण दाबायचं होतं की. सून म्हणाली, "अत्ती, झाकण दाबायचा त्यांना नियम न्हाय."

नातवाच्या शाळेत पळायच्या शर्यती होत्या. आमचा शिवू सगळ्यांच्या पुढं गेला. पदकं मिळाली सगळ्या वर्गाला. पहिला कोण ते सांगायचं नाही, मागं राहिलेल्या पोरांना वाईट वाटतं. दवाखान्यात एक कागद भरायचा होता, त्यात मी कुठल्या वंशाची ते विचारलेलं, आणि खाली अठरा चौकोन. शेवटच्या चौकोनात लिहिलं होतं, सांगायची इच्छा नाही. मी मल्लेशला म्हटलं, यावर खूण कर, एवढ्या लांब येऊन मी कोण ते यांना सांगायला मी बांधील नाही. तो म्हणाला, "अव्वा, तुझ्यासाठीच ठेवलाय तो चौकोन."

तुम्ही हसताय. हसा. मीही हसत होते. पहिले चार महिने मी सोलापूरला फोन केला की हेच सांगायची, आणि मायाक्का इकडं पोट धरून हसायची.

पण मास्तर, एक सांगते. आपल्या सात रस्त्याला मी चाळीस वर्षं रस्ता ओलांडते आहे. हात दाखवून, देवाचं नाव घेऊन, एखाद्या रिक्षाच्या आडोशानं. माझ्यासाठी आजवर कुणी थांबलं नाही. आणि तिथं शिवूच्या शाळेच्या कोपऱ्यावर एक म्हातारा उभा असायचा. लांब पिवळा कोट, हातात उंच काठी, काठीच्या टोकाला गोल पाटी. पोरं आली की तो रस्त्याच्या मधोमध जाऊन काठी रोवायचा. बसगाड्या, ट्रक, मोठाल्या मोटारी, सगळं जागच्या जागी. भोंगा नाही, शिवी नाही. पहिल्या दिवशी मी रस्त्याच्या मध्ये पोचल्यावर थांबलेच, बघायला. त्यानं हातानं खूण केली, चला बाई, एवढा वेळ नसतो.

त्याचं नाव डेरिक. मी डेरिकअण्णा म्हणायची. चौऱ्याहत्तर वर्षांचा, बायको वारलेली, मुलगी लांबच्या गावी. सव्वीस वर्षं त्यानं त्या कोपऱ्यावर काठी धरलेली. त्याच्या आधी गिरणीत होता, कापडाच्या. हे मला कसं कळलं? त्यानं हातानं मागावर धोटा फेकल्यासारखं करून दाखवलं. माझे मालक गिरणीतले. ते झोपेत तसा हात करायचे. मग मी बोट आडवं फिरवून दाखवलं, बंद पडली. त्यानंही तेच दाखवलं. एवढ्यात आमची ओळख झाली. बाकीचं शिवू इकडचं तिकडं करायचा, सहा वर्षांचं पोर, जसं जमेल तसं.

आता मी इथून जाताना शेंगाची चटणी नेली होती, खलबत्त्यात कुटलेली, तेल सुटलेली. ती संपल्यावर तिकडं कुटली, तर शेजाऱ्यानं आवाजाची चिठ्ठी टाकली. ते असो. एक माणूस रोज आपल्यासाठी थंडीत उभा राहतो, आणि आपण पोटभर जेवून त्याच्या समोरून जायचं, हे मला जमेना. म्हणून एके दिवशी मी त्याला डबा दिला. हाच. भाकरीचे चार तुकडे आणि चटणी. त्यानं तिथंच तोंडात टाकलं. नाक लाल झालं, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यानं अजून मागितली. दोन शब्द तो माझ्याकडून शिकला. एक डबा, आणि एक बास. चटणी वाढताना मी थांबावं म्हणून मी त्याला बास म्हणायला शिकवलं होतं. तो फार उशिरा म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला डबा परत दिला. घासूनपुसून लख्ख. आणि रिकामा.

आयाबायांनो, तुम्हाला मी काय सांगावं? शेजारणीचा डबा रिकामा परत करतं का कुणी? चार दाणे साखरेचे तरी घालतो आपण. मी तोंड वाकडं केलं आणि शिवूला म्हटलं, "सांग त्याला, रिकामा डबा परत करायचा नसतो. घराला चांगलं न्हाय." शिवूनं सांगितलं. डेरिकअण्णानं टोपी काढली, माफी मागितली, आणि कोटाच्या खिशातनं दोन चॉकलेटं काढून डब्यात टाकली. शिवूला काहीतरी म्हणाला. मी विचारलं, काय म्हणतो? शिवू म्हणाला, "अज्जी, ते म्हणतात, नियम म्हणजे नियम."

त्या माणसावर आधीच नियम थोडे नव्हते. पोरं रस्ता ओलांडताना त्याच्या हातावर टाळी द्यायची. त्याला चिठ्ठी आली, दोन्ही हात काठीवर पाहिजेत, पोरांना हात लावायचा नाही. त्यानं टाळी बंद केली. पोरं तरी हात पुढं करायची, आणि तो काठी घट्ट धरून नुसती मान हलवायचा. डिसेंबरात त्यांचा मोठा सण असतो. तो दरवर्षी तेव्हा लाल टोपी घालायचा. दुसरी चिठ्ठी आली, दुसऱ्या धर्माच्या पोरांना परकं वाटेल. मी शिवूला म्हटलं, विचार, कुणाला वाटलं परकं? डेरिकअण्णानं काठी माझ्याकडं केली आणि हसला. म्हणजे आम्हाला. आमच्या नावानं त्याची टोपी काढून घेतली होती, आणि आमचं शिवू त्या टोपीसाठी दोन दिवस रुसून बसलं होतं.

तर अशा माणसावर मीही एक नियम लादला. डबा रिकामा परत करायचा नाही. त्यानं सगळ्यांचे पाळले तसा तोही पाळला.

शाळेच्या फाटकावर एक चित्र लावलेलं होतं. भुईमुगाची शेंग काढलेली, आणि तिच्यावर तांबडी रेघ मारलेली. मी रोज बघायची. मला वाटायचं, इथं टरफलं टाकू नका. आपल्या गड्ड्याच्या जत्रेत कसा टरफलांचा सडा पडतो, तसं इथं कुणीतरी केलं असेल, म्हणून लावलं असेल. शेंग खाऊन माणसाचा घसा सुजतो, श्वास अडतो, हे सोलापुरात वाढलेल्या बाईला कुणी सांगितलं असतं तरी पटलं असतं का? आपल्याकडं बाळ उष्टावतानाही चटणीचं बोट लावणारी माणसं मी बघितली आहेत.

फेब्रुवारीत मला ताप आला. त्या सकाळी शिवूला मल्लेश सोडायला गेला, घाईत. आदला डबा डेरिकअण्णाकडं होता. मी दिसले नाही म्हणून त्यानं तो शिवूच्या हातात दिला. अज्जीला दे म्हणाला. कोपऱ्यावर उभ्या माणसाला पाणी कुठलं, त्यानं कागदानं आतून पुसला आणि रिकामा देऊ नये म्हणून मूठभर लिमलेटच्या गोळ्या टाकल्या, कागद नसलेल्या. कुटलेल्या चटणीचं तेल कडेला कसं धरून बसतं ते मला माहीत आहे, त्याला माहीत नव्हतं. शिवूनं डबा दप्तरात टाकला. जेवणाच्या सुट्टीत उघडला आणि शेजारच्या पोरीला एक गोळी दिली.

त्या पोरीचे ओठ सुजले. डोळे सुजले. मास्तरीणबाईनं मांडीत सुई टोचली, गाडी आली, दवाखान्यात नेलं. संध्याकाळपर्यंत पोरगी बरी होती. दुसऱ्या आठवड्यात शाळेत आली, मी पाहिली तिला. पण सुई पाच मिनिटं उशिरा टोचली असती तर मी इथं आज उभी राहून बोलले नसते, कुठंच बोलले नसते. म्हणून नियम चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. ज्यांना तसं ऐकायचं असेल त्यांनी दुसऱ्याला बोलवावं. शेंगेवरची ती तांबडी रेघ बरोबर होती. चूक माझी होती.

आता पुढचं ऐका.

शाळेत बैठक बोलावली. मोठ्या बाई, नगरपालिकेचा एक साहेब, आणि सगळ्यांना समान वागवतात की नाही ते बघणाऱ्या खात्याची एक बाई. तिच्या गळ्यात रंगीत मण्यांची माळ होती, बोलायला गोड. एका बाजूला डेरिकअण्णा, कोट न घालता. कोटाशिवाय तो अर्धाच दिसत होता. दुसऱ्या बाजूला मल्लेश आणि मी. मला नेलं कारण आजी यायला तयार असतील तर आम्हाला आनंदच होईल, असं त्यांनी कळवलं होतं.

आणि टेबलावर डबा. पारदर्शक पिशवीत, पालथा, पिशवीला चिठ्ठी बांधलेली. पालथा असल्यामुळं त्याच्या बुडावरचं नाव वर आलेलं. मी हा डबा मंद्रूपच्या बाजारात घेतला तेव्हा भांडेवाल्यानं त्यावर नाव कोरून दिलं होतं. सौ. गौरम्मा सिद्धाराम, मंद्रूप. मालक जाऊन अकरा वर्षं झाली, डब्यावर मी अजून सौभाग्यवती आहे. दिव्याखाली अक्षरं चमकत होती. त्या खोलीत ती वाचता येणारी माणसं दोनच.

साहेबानं डेरिकअण्णाला विचारलं, डबा कुणाचा?

तो म्हणाला, माझा.

आत काय होतं आधी? तो म्हणाला, शेंगदाण्याचं लोणी, दुकानातलं, मी पावाला लावून खातो. हे मला मल्लेशनं नंतर सांगितलं, पण तेव्हाच मला कळलं होतं की हा माणूस खोटं बोलतोय, कारण तो माझ्याकडं एकदाही बघत नव्हता.

साहेब काही मूर्ख नव्हता. त्यानं डबा हातात घेतला, उलटसुलट केला आणि विचारलं, हे भांडं आपल्या दुकानांत मिळत नाही, भारतातलं दिसतं, तुझ्याकडं कुठून आलं? एवढा एक प्रश्न. या प्रश्नाला उत्तर मिळालं असतं तर सगळं सरळ झालं असतं. पण ती माळवाली बाई मध्ये पडली. म्हणाली, या कुटुंबासमोर असं विचारणं बरं नाही. भांडं कुठल्या देशाचं दिसतं यावरून आपण काही ठरवू नये. साहेबाचं तोंड लाल झालं. त्यानं डबा खाली ठेवला आणि तो प्रश्न मागं घेतला.

मास्तर, तुम्ही जन्मभर पोरांना शिकवलंत, तुम्ही सांगा. माझा डबा भारतातला आहे म्हणायला त्यांना भीती का वाटावी? मला तर अभिमान होता त्याचा. त्यांनी माझा एवढा मान ठेवला की मला काही विचारलंच नाही. आणि मला विचारायचं नाही म्हटल्यावर विचारायला उरला कोण? तो.

मी मल्लेशला कोपरानं ढोसलं. म्हटलं, "सांग की त्यांना, डबा माझा हाय."

त्यानं टेबलाखाली माझा हात धरला. "अव्वा, गप बस."

"नाव हाय की त्यावर माझं."

"मला दिसतंय. माझा हितं कायम राहायचा कागद हाय सरकारकडं. सात वर्षं झाली. तू रोज पोराला नेतीस-आणतीस, घर बघतीस, पाव्हणी म्हणून आली आनि काम करती म्हणतील. काय बी अडवतील. पोरीला तुझ्या हातचं सोसलं न्हाय म्हणलं तर संपलंच."

आता हे खरं की खोटं, ते मला आजही माहीत नाही. कदाचित कुणी काही अडवलं नसतं. पण त्याच्या हाताला घाम फुटला होता. लहानपणी ताप चढला की यायचा तसा.

माळवाली बाई हसून म्हणाली, आजींना काही सांगायचं आहे का, त्यांनी त्यांच्या भाषेत सांगावं.

मी उभी राहिले. सगळ्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि म्हटलं, "डबा माझा हाय. चटणी माझी. त्याला रिकामा देऊ नको म्हणून मी सांगितलं. त्याचा दोष न्हाय."

सगळे मल्लेशकडं बघायला लागले. मल्लेश इंग्रजीत बोलला. थोडं बोलला. मी एवढं बोलले आणि त्याचं एवढंसंच झालं. शेवटी थँक्यू म्हणाला. तो शब्द मला येतो. कुणी आपल्या माथ्यावर गुन्हा घेताना थँक्यू म्हणत नाही, एवढं चौथी नापास बाईलाही कळतं. ती बाई उठली, तिनं मला हात जोडून नमस्कार केला. मोठ्या बाईंच्या डोळ्यांत पाणी. पोरगी बरी झाली म्हणून आजींना आनंद झाला, असं मल्लेशनं सांगितलं होतं.

मी परत तोंड उघडलं. डब्याकडं बोट केलं असतं तरी पुरे होतं. नावावर बोट ठेवून छातीवर ठेवलं असतं. त्याला भाषा कशाला लागते? मी हात वर केलाही होता. तेवढ्यात डेरिकअण्णानं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. डबा हा शब्द त्याला येत होता, मी काय सांगितलं ते त्याला कळलं होतं. तो हळूच म्हणाला, "बास."

आणि मी हात खाली घेतला.

त्यानं सांगितलं म्हणून मी गप्प बसले असं मी वर्षभर स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. मल्लेशच्या कागदासाठी मी गप्प बसले. त्यानं फक्त मला लाज झाकायला कापड दिलं.

त्याची काठी गेली. सव्वीस वर्षांची. शाळेच्या फाटकाच्या आत यायलाही बंदी. पेपरात आलं म्हणे, निष्काळजी म्हातारा. कुणी लिहिलं, नियमांचा अतिरेक, बिचाऱ्याला छळलं. कुणी लिहिलं, बरं झालं, पोरांच्या जिवाशी खेळ नको. दोन्ही बाजू महिनाभर भांडल्या. डबा कुणाचा, हे दोन्हीकडच्या एकालाही माहीत नव्हतं.

त्याच्या जागी माणूस नेमला नाही. दिव्याचा खांब बसवला, बटण दाबायचं. मी निघायच्या आदल्या आठवड्यात शिवूला घेऊन तिथं उभी होते. पलीकडच्या फुटपाथवर डेरिकअण्णा, साध्या स्वेटरात, हात खिशात. पोरांचा घोळका आला तसा तो सवयीनं एक पाऊल रस्त्यात आला, आणि मागं गेला. आम्ही ओलांडून त्याच्याजवळ गेलो. माझ्या हातात काही नव्हतं. त्या दिवसापासून मी चटणी कुटली नव्हती. तो शिवूला म्हणाला, डबा माझा आहे असं मी सांगितलं, म्हणून त्यांनी तो मलाच दिला. अज्जीला सांग, मी परत करीन. आणि सांग, रिकामा करणार नाही.

मी मान हलवली. दुसरं काय करणार होते? मी त्याला शब्द दिला. त्याला कळला नाही, मी मराठीत दिला. म्हटलं, पोराचा कागद होऊ दे, मग मी त्या साहेबाला सगळं लिहून कळवते. तुझी काठी परत मिळवून देते.

इथं आल्यावर मी तयारी केली. आमच्या भाडेकरूंची अंकिता कॉलेजात इंग्रजी शिकते. तिच्याकडून अर्ज लिहून घेतला, खाली माझी सही, आणि डब्यावर जसं नाव आहे तसंच नाव. पाकीट देवघरात ठेवलं. कागद झाला की टाकायचं. दिवाळी गेली, संक्रांत गेली. चंद्रिकेचं जायचं ठरलं तेव्हा म्हटलं, पोस्टानं कशाला, हिच्या हातीच देऊ, आणि सोबत चटणीही. चंद्रिका, तू परवा मला विचारायला आलीस, "अज्जी, डेरिकअण्णांच्या चटणीचा डबा कधी देता, बॅग भरायचीय." मी तुला म्हटलं, सभेत देते.

शिवरात्रीच्या आठवड्यात मल्लेशचा फोन आला. अव्वा, कागद झाला, पक्का. मायाक्कानं गल्लीत पेढे वाटले, तुम्ही सगळ्यांनी खाल्ले. मी पाकीट देवघरातून काढलं, पुसलं. तिसऱ्या दिवशी कुरिअर आलं. मल्लेशनंच पाठवलं होतं, त्यानं फोनवर काही सांगितलं नव्हतं. खोक्यात हा डबा, आणि डेरिकअण्णाच्या मुलीची इंग्रजी चिठ्ठी. अंकिता घरी नव्हती. चिठ्ठी वाचायला कुणी नव्हतं.

मी डबा उघडला. घासलेला, कोरडा, आत काही नाही.

मग मला चिठ्ठी वाचून घ्यायची गरज उरली नाही.

अंकितानं संध्याकाळी वाचून दाखवली. बाबा जानेवारीत गेले, झोपेत. त्यांच्या स्वयंपाकघरात हे भांडं सापडलं, त्याला शिवूच्या आजीचं असा कागद चिकटवला होता, म्हणून पाठवते. भली बाई. तिला कुणी सांगितलं नव्हतं की त्यात काही घालायचं असतं. त्या माणसाला एकदा सांगितलं होतं, तो विसरला नाही.

तर चंद्रिका, तुला मी काय सांगावं? खरं बोल, कुणाला घाबरू नको, असं सांगायला मायाक्कानं मला उभं केलंय. मी नाही सांगणार. तुझ्या मागं बसव्वा आहे, दोन भाऊ आहेत. तुझाही कागद कुणाच्या तरी टेबलावर वर्षानुवर्षं पडून राहील. तिथली माणसं वाईट नाहीत, फार जपून बोलतात, तुझा मान ठेवतील. आणि त्या जपण्यात कधीतरी तुझ्या वाटणीचं दुसऱ्या कुणाच्या अंगावर जाईल, आणि तू गप्प बसशील. मी माझ्या वयाला गप्प बसले, ज्या बाईला आता गमवायला काही नाही अशी मी. तू तर पोर आहेस. तेव्हा एवढंच म्हणते, कुणी विचारत असेल तोवर सांगून टाक. नंतर कुणी विचारत नाही, आणि मग अर्ज कुणाला पाठवावा तेच कळत नाही. माझं पाकीट अजून देवघरात आहे.

बसव्वा, डोळे पूस. पोरगी जाते आहे, तिला तिकडं भाकरी मिळेल, थंडीचे कपडे नीट दे.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, मंडळानं शाल दिली, तुम्ही खाली बसून सगळं ऐकलंत, कुणी मध्ये उठलं नाही, याबद्दल मी सगळ्यांची ऋणी आहे. पाच मिनिटांची वीस झाली, ते मायाक्कानं माझ्या वयाकडं बघून सोडून द्यावं. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, कुणाच्या आनंदावर पाणी पडलं असेल, तर पदरात घ्या. शाल मी खुर्चीवर ठेवली आहे, चंद्रिकेला द्या, तिकडं लागेल.

आणि मायाक्का, तो डबा उघडू नको. पेढे नाहीत त्यात. रिकामा आहे तो.